मुंबईत एम.ए., पीएच.डी.साठी येताय? आधी लाईन ठरवा, मग घर

बार्शीहून पीएच.डी.साठी मुंबईला आले तेव्हा मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमधला प्रवेश पक्का झाला होता आणि डोंबिवलीत मावशीच्या ओळखीने एक कॉट, म्हणजे सामायिक खोलीतली खाट, ठरली होती. भाडं परवडणारं, घर स्वच्छ, घरमालकीणकाकू मायाळू. तरी चौथ्या महिन्यात मी ती जागा सोडली. घरापासून स्टेशनपर्यंत चालत, मग कुर्ल्यापर्यंत लोकल, कुर्ला पश्चिमेला रिक्षाची रांग, तिथून कलिना. जाऊन-येऊन रोजचे साडेतीन तास. विभागात पोचल्यावर पुढ्यात पुस्तक उघडायचे आणि अर्धा तास नुसती बसून राहायचे, कारण गर्दीतून सुटलेलं अंग ताळ्यावर यायला तेवढा वेळ लागायचा. भाड्यात महिन्याला जे चार-पाच हजार वाचत होते, ते अभ्यासाच्या तासांतून वजा होत होते.

पुढच्या पाच वर्षांत मी आणखी तीन घरं बदलली. दरवर्षी जुलैत विभागात नवी मुलं-मुली येतात आणि पहिला प्रश्न तोच असतो, "ताई, राहायचं कुठे?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे.

येण्याआधी: वसतिगृह आणि सरकारी योजना

प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज करा. पवईची आयआयटी, देवनारची टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) आणि लोकसंख्या अभ्यासाची आयआयपीएस, कुलाब्याची मूलभूत विज्ञान संशोधनाची टीआयएफआर यांची स्वतःची वसतिगृहं आहेत. मुंबई विद्यापीठाचीही आहेत, पण अर्ज करणारे जास्त आणि खोल्या कमी, त्यामुळे ‘मिळेलच’ असं धरून चालू नका. यादी लागेपर्यंत दुसरी सोय हाताशी ठेवा. दादर, परळ, माटुंगा, गिरगाव या भागांत जिल्ह्यांच्या मंडळांची आणि ज्ञातिसंस्थांची जुनी वसतिगृहं आहेत. त्यांची जाहिरात सहसा कुठे दिसत नाही, गावाकडच्या एखाद्या जुन्या वकिलाला किंवा निवृत्त मास्तरांना विचारलं तर पत्ता मिळतो. मुलींसाठी वायडब्ल्यूसीएची वसतिगृहंही आहेत.

सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून हात टेकू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार, अशा तशाच योजना आहेत. उत्पन्न, अभ्यासक्रम आणि वयाच्या अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत, त्या अर्जाआधी वाचून घ्या. पैसे उशिरा येतात हे गृहीत धरा, पण अर्ज वेळेत करा. ओळखीतल्या किती तरी जणांचा हक्क नुसती तारीख चुकल्यामुळे गेला आहे आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

फेलोशिपवाल्यांसाठीही हेच. यूजीसीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) १ जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, वसतिगृहात राहत नसाल तर वर घरभाडे भत्ता. आकडा चांगला आहे, पण पहिला हप्ता हातात पडेपर्यंत कित्येक महिने जातात. म्हणून फेलोशिप असो वा नसो, निदान तीन महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच गाडीत बसा.

पहिले पंधरा दिवस

गावाहून फोनवर घर ठरवू नका. फोटो बघून टोकन तर अजिबात पाठवू नका. "मी लष्करात आहे, अचानक बदली झाली, घर रिकामं आहे, हा क्यूआर कोड स्कॅन करा म्हणजे पैसे तुमच्या खात्यात येतील" ही फसवणूक जुनी आहे आणि अजून चालते. पैसे घ्यायला क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही, स्कॅन केल्यावर पैसे जातातच. चुकून गेलेच तर लाज न बाळगता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम परत येण्याची शक्यता कमी.

पहिले पंधरा दिवस नातेवाइकांकडे, सीनियरच्या खोलीवर किंवा एखाद्या पीजीत महिन्याच्या बोलीवर काढा. सामान एका बॅगेपुरतं आणा. गादी, कुकर, पुस्तकांची खोकी नंतर मागवता येतात. लांब पल्ल्याची गाडी पहाटे पोचत असेल तर शेवटच्या स्टेशनापर्यंत जाण्याची गरज नसते. सोलापूरहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने येणाऱ्याने आपली जागा बघून कल्याण, ठाणे किंवा दादरला उतरावं. सकाळी आठ ते अकरा या वेळात सामान घेऊन लोकलमध्ये चढायला जाऊ नका. तुम्हाला त्रास होतोच, पण डब्यातल्या शंभर जणांनाही होतो.

या पंधरा दिवसांत एकच काम करा: ज्या भागात राहायचा विचार आहे तिथून आपल्या विभागापर्यंत सकाळी नऊला निघून बघा, आणि संध्याकाळी सातला परत जाऊन बघा. रविवारी बघितलेलं अंतर खरं नसतं.

लाईन कशी निवडायची

मुंबईत अंतर किलोमीटरने मोजून उपयोग नाही, किती वेळा गाडी बदलावी लागते ते मोजा. विरार ते चर्चगेट लांब आहे, पण एका गाडीत आहे. मुलुंड ते अंधेरी नकाशावर जवळ दिसतं, पण घाटकोपरला उतरून मेट्रो धरावी लागते आणि सकाळच्या वेळी त्या पुलावर पाय ठेवायला जागा नसते. माझा नियम साधा आहे: एक गाडी आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटांची चाल किंवा एक बस. दोनदा गाडी बदलावी लागत असेल तर घर कितीही चांगलं असो, सोडून द्या.

दुसरी गोष्ट गर्दीची दिशा. सकाळी गर्दी पनवेल, कल्याण, विरारकडून शहराच्या आत येते आणि संध्याकाळी उलटी वाहते. तुम्ही गर्दीच्या उलट जाणार असाल तर रोजचं जगणंच वेगळं होतं. देवनारच्या टिसमध्ये शिकणारी माझी मैत्रीण चुनाभट्टीला राहायची. सकाळी हार्बर लाईनवर पनवेलकडे जाणाऱ्या गाडीत तिला गोवंडीपर्यंत बसायला जागा मिळायची. त्याच कॉलेजात येणारा नेरूळचा मुलगा तेवढ्याच वेळात उभ्याने घामाघूम होऊन पोचायचा.

आता संस्थेनुसार थोडक्यात.

कलिन्यासाठी पश्चिम रेल्वेचं सांताक्रूझ आणि मध्य-हार्बरचं कुर्ला, ही दोन स्टेशनं. वाकोला, कलिना गाव, कोळीवरी, सांताक्रूझ पूर्वेचा आतला भाग इथे राहिलात तर गाडीच लागत नाही. घरं लहान आणि जुनी असतात, गल्ल्या अरुंद असतात, पण ग्रंथालय बंद होईपर्यंत बसून चालत घरी येता येतं. मी शेवटी इथेच आले आणि प्रबंधाची तीन प्रकरणं या एका वर्षात झाली. विमानांचा आवाज पहिला आठवडा झोपू देत नाही, नंतर कळतसुद्धा नाही.

देवनारसाठी गोवंडी, चेंबूर, टिळकनगर, चुनाभट्टी. थोडी मोठी, हवेशीर खोली हवी असेल तर खाडीपलीकडे वाशी-सानपाडा, मात्र सकाळी गर्दीबरोबर यावं लागेल. पवईच्या मुलांना बहुतेक वसतिगृह मिळतं. बाहेर राहायचं झालं तर कांजूरमार्ग आणि विक्रोळी बघा. माटुंग्याच्या आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था) आणि व्हीजेटीआय (अभियांत्रिकी) यांच्यासाठी वडाळा, अँटॉप हिल, सायन.

फोर्ट, चर्चगेट, कुलाबा इथे शिकणाऱ्यांची अडचण सगळ्यांत मोठी, कारण दक्षिण मुंबईत विद्यार्थ्याला परवडेल असं फारसं काही नाही. त्यांनी लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, शिवडी, कॉटन ग्रीन या गिरणगावाच्या आणि गोदीच्या भागातल्या खोल्या शोधाव्यात. चाळीतली खोली असेल तर संडास मजल्यावर सामायिक असतो. ते चालेल का, हे स्वतःला प्रामाणिकपणे विचारा. ज्यांना चाललं त्यांना शेजार इतका चांगला मिळाला की ताप आल्यावर पेज कोण आणून देईल ही चिंता उरली नाही.

मेट्रो ३ मुळे हिशेब थोडा बदलला आहे. आरे ते कफ परेड ही ३३.५ किलोमीटरची भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण चालू झाली. तिकीट १० ते ७० रुपये. मरोळ नाक्याला ती घाटकोपर-वर्सोवा मेट्रोला मिळते आणि दक्षिणेत थेट हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवनापर्यंत जाते. रोजच्या प्रवासाला विद्यार्थ्याच्या खिशाला ती जड आहे. पण आठवड्यातून दोन दिवस काळा घोड्याच्या राज्य अभिलेखागारात बसणाऱ्यासाठी चांगलीच सोयीची.

घर बघताना

जाहिरातीतले शब्द आधी समजून घ्या. ‘कॉट बेसिस’ म्हणजे खोलीत फक्त तुमची खाट आणि कपाटाचा एखादा कप्पा. ‘वन आरके’ म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. ‘हेवी डिपॉझिट’ म्हणजे एकदम काही लाख द्यायचे आणि भाडं नाममात्र किंवा शून्य. घरच्यांनी शेतीचे किंवा सोन्याचे पैसे त्यात घालायची तयारी दाखवली तरी तुम्ही नाही म्हणा. सोडताना मालकाकडे ती रक्कम तयार नसते, ‘नवा भाडेकरू आला की देतो’ असं उत्तर मिळतं, आणि तुमचं शिक्षण संपून परत जायची वेळ झालेली असते.

पाण्याबद्दल ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा. "काका, पाणी किती वाजता येतं, किती वेळ असतं, मेमध्ये टँकर मागवता का?" या तीन प्रश्नांची उत्तरं वॉचमनकाका खरी देतात. पहाटे साडेपाचला तासभर पाणी येणार असेल आणि तुम्ही चौघं राहणार असाल, तर पिंप कोण भरणार हे पहिल्याच दिवशी ठरवावं लागेल.

ओल कशी ओळखायची ते जरा नीट सांगते. ऑगस्टमध्ये वाकोल्याला एक वन आरके बघायला गेले होते. तीन भिंती जुन्या, पिवळट आणि चौथी ताजी पांढरी. ब्रोकर म्हणाला, "मॅडम, तुमच्यासाठीच मालकांनी रंग काढलाय." मी त्या भिंतीला तळहात टेकवला. गार आणि दमट. लोखंडी कपाट वीतभर पुढे ओढलं तर मागे गुडघ्यापासून डोक्यापर्यंत काळी बुरशी पसरलेली. खालच्या कप्प्यात अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद हातात आला तो लगदा होऊन. घर तिथल्या तिथे नाकारलं. वह्या-पुस्तकांवर ज्याचं सगळं अवलंबून आहे त्याने ओलीच्या घरात राहू नये. माझ्या एका मैत्रिणीच्या दोन वर्षांच्या मुलाखतींच्या वह्या एका पावसाळ्यात चिकटून गेल्या, पानं सुटी होईनात. शक्यतो घर पावसाळ्यातच बघा. उन्हाळ्यात बघत असाल तर कपाट हलवा, खिडकीखालचा कोपरा बघा आणि एकाच भिंतीला नवा रंग असेल तर का, ते विचारा.

मोबाइलला घरात रेंज येते का, मीटर स्वतंत्र आहे का, युनिटचा दर मालक ठरवतो की बिलाप्रमाणे, पाहुणे आलेले चालतात का, रात्री किती वाजता गेट बंद होतं, हे सगळं पैसे देण्याआधी विचारा. विजेचं बिल शहरात बेस्टचं असतं, उपनगरांत अदानी किंवा टाटाचं, मुलुंड-भांडुपला महावितरणचं. मागचं बिल बघायला मागा.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. आडनाव विचारून झाल्यावर ‘जागा गेली’ असं ऐकणारे विद्यार्थी या शहरात आहेत. मांसाहार करता का, धर्म कोणता, गाव कोणतं, मुलगी एकटी का राहते, असे प्रश्न येतात. माझ्या सोबतच्या एका मुलाने एका आठवड्यात नऊ घरं बघितली, पाच ठिकाणी असंच झालं. दोष त्याच्यात नव्हता, आणि तुमच्या बाबतीत झालं तर तुमच्यातही नसेल. अशा वेळी एकट्याने हिंडू नका. विभागातल्या सीनियरला बरोबर घ्या, आणि जिथे आपली मुलं आधीपासून राहतात त्याच इमारतींत विचारा. सीनियर खोली सोडतो तेव्हा त्याच्या जागी जाणं हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग आहे, दलालीही वाचते.

करार आणि पैसे

मुंबईत घर बहुतेक लिव्ह अँड लायसन्स कराराने, अकरा महिन्यांसाठी मिळतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणी केलेला असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. "पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करू, तेवढं पुरतं" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईल. ते पुरत नाही.

मला हे ठेच लागल्यावर कळलं. माझ्या दुसऱ्या घराचा करार असाच नोटरीवर होता. सोडताना मालकांनी रंगकाम, नळदुरुस्ती आणि ‘साफसफाई’ असं म्हणत डिपॉझिटमधून जवळजवळ निम्मी रक्कम कापली. हातात नोंदलेला कागद नव्हता, आत जाताना काढलेले फोटो नव्हते, आणि कायदा माझ्या बाजूने आहे हेही मला तेव्हा माहीत नव्हतं. पैसे सोडून दिले.

नोंदणीचा खर्च लोकांना वाटतो तितका नसतो. समजा भाडं २४,००० आणि डिपॉझिट १ लाख. अकरा महिन्यांचं भाडं २,६४,०००, त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं आणि एकूण रकमेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. ते ७०० रुपयांच्या आत बसतं. शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. हे काम नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरून आधार आणि अंगठ्याच्या ठशाने होतं, सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात खेटे घालावे लागत नाहीत. एजंट घरी येऊन ठसे घेतो, त्याची फी वेगळी. ती आधी ठरवून घ्या आणि मालकाबरोबर निम्मी-निम्मी करा.

आता पहिल्या दिवशी किती लागतात ते मांडू. तिघींनी मिळून २४,००० भाड्याचं घर घेतलं, डिपॉझिट तीन महिन्यांचं ७२,०००, दलाली एका महिन्याची २४,०००, पहिलं भाडं २४,०००. झाले १,२०,०००. नोंदणी धरून प्रत्येकीला ४१ हजारांच्या आसपास. गादी, पंखा, बादल्या, गॅस वेगळे. घरी सांगताना हा आकडा सांगा, नुसतं भाडं सांगू नका. नाही तर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्यांदा पैसे मागायची वेळ येते आणि ते दोन्ही बाजूंना जड जातं.

करारात राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव घाला. एकीच्या नावावर करार आणि बाकीच्या ‘पाहुण्या’ असं करू नका. लॉक-इन, म्हणजे घर सोडता येणार नाही असा काळ, सहा महिन्यांचा असेल आणि तुम्हाला मध्येच फील्डवर्कला जायचं असेल तर ते आधी बोला. भाडं बँकेतून किंवा यूपीआयने द्या, रोख दिलंत तर पावती घ्या. नोंदलेला करार नंतर पदोपदी लागतो: घरभाडे भत्त्याच्या कागदांना, बँकेत पत्ता बदलायला, गॅस कनेक्शनला, रेल्वेच्या सवलतीला. पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती मालकाने द्यायची असते. ती दिली का हे विचारा आणि पोचपावतीची प्रत मागून घ्या.

किल्ली हातात पडल्यावर सामान लावण्याआधी दहा मिनिटं द्या. प्रत्येक भिंत, नळ, गिझर, फुटकी फरशी आणि मीटरचा आकडा यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवा. "काका, घर आजपासून घेतलं, आत्ताची स्थिती अशी आहे." एवढा एक निरोप पुढे तुमच्या कामी येतो.

लोकल, बस, रिक्षा

रेल्वेचा विद्यार्थी पास जवळजवळ निम्म्या दरात मिळतो. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशन फॉर्म घ्यायचा, तो घेतल्यावर लगेच तिकीट खिडकीवर द्यायचा, नाही तर त्याची मुदत संपते. वयाची अट आहे, पंचविशी ओलांडली असेल तर संशोधक म्हणून काय सोय आहे ते ऑफिसात आधीच विचारा. सवलत नसली तरी सेकंड क्लासचा महिन्याचा पास जवळच्या अंतराला १०० रुपयांपासून सुरू होतो आणि साधं तिकीट ५ रुपयांपासून. इतका स्वस्त प्रवास या शहरात दुसरा नाही. म्हणून विनातिकीट जाऊ नका, पकडलं तर किमान २५० रुपये दंड आणि वर भाडं. पहिल्या वर्गाच्या डब्याच्या दारापाशी तिरके पट्टे असतात. घाईत त्यात चढलात तरी दंडच. मोबाइलवर रेलवन ऍपमधून तिकीट काढता येतं, ते स्टेशनच्या आवारात शिरायच्या आधीच काढा. वेळापत्रकासाठी एम-इंडिकेटर सगळेच वापरतात.

गाडीत चढण्यापेक्षा उतरणं शिका. सकाळची कल्याणहून येणारी गाडी, तुम्हाला कुर्ल्याला उतरायचंय. घाटकोपर गेलं की नाही, एवढ्यावर थांबू नका. घाटकोपर यायच्या आधीच समोरच्या बाईच्या खांद्याला हलकेच हात लावून विचारायचं, "कुर्ला?" तिने होकारार्थी मान हलवली तर तिच्यामागे उभं राहायचं. ती म्हणाली "दादर", तर ती स्वतःच वाकून तुम्हाला पुढे जाऊ देते. प्लॅटफॉर्म कोणत्या बाजूला येणार तेही तिलाच विचारा. सॅक पाठीवर ठेवू नका, पुढे घ्या किंवा वरच्या रॅकवर द्या. बसलेली कुणीही "द्या इकडे" म्हणून वर सरकवते. लेडीज डब्यात "कुठे उतरणार?" असं विचारून सीट आधीच बोलून ठेवायची रीत आहे. खरं उत्तर द्या आणि तुम्हीही विचारा. विरार फास्टमध्ये अंधेरी-बोरिवलीला उतरायला चढू नका, दारापर्यंत पोचूच दिलं जात नाही. आणि गाडी सुटत असेल तर सुटू द्या. दारात लटकून वाचलेली पाच मिनिटं कुणाच्याही जिवापेक्षा मोठी नाहीत.

रविवारी मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही मार्गांवर गाड्या बंद असतात, शनिवारी वर्तमानपत्रात तपासा. परीक्षा किंवा मुलाखत रविवारी असेल तर तास-दीड तास हाताशी ठेवा.

बेस्टची साधी बस १० रुपयांपासून, एसी १२ पासून. चलो ऍपवर बस कुठे आहे ते दिसतं. कुर्ला, सांताक्रूझ, चेंबूर अशा स्टेशनांबाहेर शेअर रिक्षा मिळतात. रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये, टॅक्सीचं ३१. बांद्रा आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा जात नाही, तिथून पुढे टॅक्सी किंवा बस.

मुलींसाठी: रात्री उशिरा परतताना लेडीज डब्यात पोलीस तैनात असतो, त्याच डब्यात बसा. मुंबई पोलिसांची महिलांसाठीची हेल्पलाइन १०३, रेल्वेची १३९. शेवटची लोकल किती वाजता हे पाठ असू द्या. ती चुकलीच तर स्टेशनवर एकटं बसण्यापेक्षा वसतिगृहातल्या मैत्रिणीकडे थांबा, वॉर्डन रागावली तरी चालेल.

जेवण

पहिला महिना डबा लावा. स्टेशनाजवळ पोळी-भाजी केंद्रं आहेत, दोन पोळ्या आणि एक भाजी तिथून आणून भात घरी लावला तरी भागतं. दोन-तीन ठिकाणचा डबा आठवडा-आठवडा खाऊन बघा, एकदम महिन्याचे पैसे देऊ नका. माटुंग्याला असाल तर स्टेशनाजवळ १९४२ पासून चालू असलेलं रामा नायकांचं उडुपी आहे. केळीच्या पानावरचं पोटभर जेवण, महिन्यातून एकदा तरी जावं असं.

स्वतः करायचं असेल तर पाच किलोचा छोटा सिलिंडर नुसत्या ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. नोंदीशिवायचा, काळ्या बाजारातला सिलिंडर घरात आणू नका. तिघी-चौघी असाल तर किराणा सामायिक आणि वही दारामागे टांगलेली, ही जुनी पद्धत कुठल्याही ऍपपेक्षा टिकते, कारण ती सगळ्यांना रोज दिसते.

पावसाळा

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा रोज पडत नाही, पण मोठी भरती आणि जोराचा पाऊस एका वेळी आला की हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे, अंधेरी सबवे तुंबतात, आणि सायन-कुर्ल्यादरम्यान रुळांवर पाणी येऊन गाड्या थांबतात. भरतीच्या वेळा वर्तमानपत्रात येतात. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पावसाचा इशारा एकाच दिवशी असेल तर विभागातच थांबा किंवा घरूनच निघू नका. निघालाच असाल तर साचलेल्या पाण्यातून वाट काढू नका, उघडं मॅनहोल दिसत नाही. पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

पाण्यातून चालावं लागलंच आणि पायाला जखम असेल, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. घरी येऊन पाय साबणाने धुवा आणि २४ ते ७२ तासांत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना सांगा, ते प्रतिबंधक गोळी देतात. ताप आल्यावर मेडिकलमधून गोळी घेऊन दिवस काढणं जून ते ऑक्टोबर या काळात धोक्याचं आहे. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो तिन्ही असतात, रक्त तपासूनच घ्या.

दवाखाना आणि मन

पालिकेची मोठी रुग्णालयं: परळला केईएम, सायनला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर, विलेपार्ल्याला कूपर, घाटकोपरला राजावाडी. ओपीडीला सकाळी लवकर जा, केसपेपर जपून ठेवा. साध्या दुखण्याला जवळचा ‘आपला दवाखाना’ पुरतो.

इतक्या माणसांत एकटेपणा येतो, आणि तो पहिल्या हिवाळ्यात, गणपती-दिवाळीला गावी जाऊन आल्यावर जास्त येतो. झोप उडाली, जेवण सुटलं, गाईडसमोर बसायची भीती वाटू लागली, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. तिथे मराठीतही बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. मी दुसऱ्या वर्षी समुपदेशकाकडे गेले होते. आणखी लवकर जायला हवं होतं.

अभ्यासाची जागा

घरात टेबलाला जागा नसते, म्हणून अभ्यासाची जागा बाहेर शोधावी लागते. कलिन्याला जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. दादरला १८९८ सालचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, फोर्टला टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी, काळा घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय. प्रत्येकाचे नियम आणि वर्गणी वेगळी, गाईडचं पत्र बरोबर न्या. आपल्या घराजवळच्या अभ्यासिकेत एक खुर्ची धरून ठेवा. स्पर्धा परीक्षेची मुलं तिथे सकाळी सातला येतात. त्यांच्या शेजारी बसलं की आपलीही दोन पानं लिहून होतात.

घर सोडताना

नोटीस करारात असेल तितकी, बहुधा महिन्याची, लेखी द्या. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घ्यायचा प्रयत्न आधीच बोलून बघा, बरेच मालक तयार होतात. सोडायच्या दिवशी पुन्हा तेच फोटो काढा, मीटरचा आकडा लिहून घ्या, शेवटचं वीजबिल भरून पावती पाठवा. मगच किल्ली द्या, आणि डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा मेसेज येईपर्यंत मालकांच्या समोरच बसा. त्याच आठवड्यात बँकेत आणि विभागाच्या ऑफिसात पत्ता बदला, नाही तर फेलोशिपचं पत्र जुन्या घराच्या लेटरबॉक्समध्ये पडून राहतं.